रँकिंग नाही, तरी जीव ओतून

प्रश्न: मी नुकताच स्नूकर बघायला लागलो आहे. लंडनच्या मास्टर्स स्पर्धेचा रँकिंगशी काही संबंध नाही, असं ऐकलं. मग हे नुसते प्रदर्शनी सामनेच झाले ना? आणि शेवटच्या फ्रेममध्ये दोघांचे गुण सारखेच झाले तर निकाल कसा लावतात?
– एक वाचक

उत्तर: प्रदर्शनी नका हो म्हणू! रँकिंग दोन वर्षांत मिळवलेल्या बक्षिसांच्या रकमेवरून ठरतं आणि मास्टर्सची रक्कम त्यात धरत नाहीत, एवढं खरं. पण बोलावणं क्रमवारीतल्या पहिल्या सोळांनाच. मोठ्या स्पर्धांत सुरुवातीला एखादा नवखा समोर येतो, हात बसेपर्यंत निभावून जातं. इथे पहिल्याच दिवशी गाठ पडते ती जगातल्या पहिल्या सोळांपैकी एकाशी. सहा फ्रेम, म्हणजे सहा डाव, त्याने आधी घेतल्या की बॅग भरायची. म्हणून तर विश्वविजेतेपदाच्या खालोखाल जिंकावीशी वाटणाऱ्या दोन-तीन स्पर्धांत खेळाडू हिचं नाव घेतात.

मला विचाराल तर मास्टर्स म्हणजे पॉल हंटर. २००१, २००२ आणि २००४, तिन्ही अंतिम सामने त्याने १०-९ असे जिंकले आणि तिन्ही वेळा मागे पडून. २००१ मध्ये फर्गल ओब्रायनविरुद्ध ३-७ अशी अवस्था होती. मग सहा फ्रेममध्ये चार शतकी ब्रेक, म्हणजे एकाच खेपेत शंभर किंवा जास्त गुण! २००२ मध्ये मार्क विल्यम्सने पहिल्या पाचही फ्रेम घेतल्या होत्या. २००४ मध्ये तर समोर रॉनी ओसुलिव्हन, २-७. इतका मागे पडलेला खेळाडू एरवी घाईने लांबचे पॉट (चेंडू पॉकेटमध्ये घालायचे फटके) मारायला लागतो. हंटर तसाच शांतपणे टेबलाला फेरी मारायचा, पुढचा चेंडू कुठे थांबवायचा ते बघायचा. २००६ मध्ये कर्करोगाने गेला, जेमतेम सत्तावीस वर्षांचा. अजूनही त्याचं नाव घेताना माझा घसा दाटतो. मास्टर्सच्या करंडकाला आता त्याचंच नाव आहे आणि ते अगदी योग्य झालं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नेमकं हेच १९७५ मध्ये पहिल्याच मास्टर्सच्या अंतिम सामन्यात घडलं. जॉन स्पेन्सर आणि रे रीअर्डन ८-८ वर, शेवटच्या फ्रेममध्ये गुणही सारखे. अशा वेळी काळा चेंडू, म्हणजे फ्रेममधला शेवटचा, पुन्हा त्याच्या जागेवर ठेवतात, नाणं उडवतात आणि पांढरा (काठीने मारायचा चेंडू) 'डी'मधून, म्हणजे टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडच्या अर्धवर्तुळातून, मारायचा. दोन चेंडूंत साधारण अडीच मीटर अंतर. आधी जो पॉट करेल तो जिंकला, आधी ज्याच्याकडून फाउल होईल तो हरला. नाणेफेक जिंकणारा बहुतेकदा समोरच्यालाच आधी खेळायला लावतो, कारण पहिल्या फटक्यात काळा सहसा जात नाही. तो सुरक्षित जागी सोडणं एवढंच हातात असतं.

मी क्लबात बरीच वर्षं गुण मोजायला बसायचो. अशी एक फ्रेम माझ्यासमोर झाली. आधी खेळणाऱ्याने दोनदा तळवा पँटला पुसला, खडू लावला, परत पुसला. काळा दोन कुशन घेऊन, म्हणजे टेबलाच्या कडांना दोनदा आपटून, हळूहळू आला आणि कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडाशी थांबला. कोणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. दुसऱ्याने तो अलगद आत ढकलला, पण त्याची नजर काळ्यावर नव्हतीच. पांढरा पाठोपाठ आत तर जात नाही ना, तेच तो बघत होता. पांढरा काठावर राहिला.

लंडनमध्ये त्या दिवशी काळा स्पेन्सरने घेतला. ९-८.