दर सोमवारी अ‍ॅनाटॉमी

"मॅडम, टाइमटेबल मी अगदी छान बनवते, पण दोन दिवसांच्या वर ते टिकतच नाही. मी आळशी आहे का?"

मी समुपदेशक आहे. एफएमजीईचा, म्हणजे परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्यांच्या परीक्षेचा निकाल लागला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणारी मुलं वेगवेगळी. कुणी जॉर्जियाहून एमबीबीएस करून आलेलं, कुणी रशियाहून, कुणी किर्गिझस्तानातून. घर कुणाचं पेडण्याला, कुणाचं साखळीला, कुणाचं फोंड्याला. प्रश्न मात्र तोच, आणि विचारताना खाली गेलेली मानही तीच. म्हणून आज जरा सविस्तर उत्तर लिहिते आहे. जिच्याबद्दल सांगणार आहे तिला आपण मयुरी म्हणू. नाव बदललं आहे, आणि काही तपशील तिच्यासारख्याच इतर मुलांचे आहेत.

ज्यांच्या घरात अशी परीक्षा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्यांना भारतात इंटर्नशिप आणि पुढे प्रॅक्टिस करायची तर ही परीक्षा पास व्हावी लागते. ती वर्षातून दोनदा होते. ३०० प्रश्न, दीडशेचे दोन भाग, प्रत्येक भागाला अडीच तास, सगळं एकाच दिवशी. १५० गुण मिळाले की पास. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. ऐकणाऱ्याला वाटतं, पन्नास टक्के तर हवेत, त्यात काय एवढं? पण साडेपाच-सहा वर्षांत शिकलेले सगळे विषय त्या एका दिवसात समोर येतात, आणि बहुतेक वेळा बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं नापास होतात.

मयुरी जूनच्या परीक्षेत १३८ वर अडकली होती. दुसरा प्रयत्न होता. डिचोली तालुक्यातलं गाव, वडिलांनी मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढलेलं. गावात शेजारीपाजारी तिला आत्तापासूनच 'दोतोर' म्हणून हाक मारतात. ती हाक चुकवण्यासाठी ती मागच्या वाटेने बसस्टॉपवर जायची, हे तिने मला नंतर सांगितलं.

पहिल्या भेटीत तिने पिशवीतून चार्टपेपरची गुंडाळी काढून टेबलावर पसरली. पहाटे पाच ते रात्री अकरा. प्रत्येक विषयाला वेगळा रंग, पट्टी धरून आखलेल्या रेघा, मध्ये 'नाश्ता - १५ मि.'. अभ्यासाची बेरीज तेरा तास. मी विचारलं, याच्या आधीची आहेत? तिच्या मोबाइलमध्ये सगळ्यांचे फोटो होते. एकेक बघत गेले तसं लक्षात आलं, प्रत्येक टाइमटेबल सोमवारी सुरू होत होतं आणि प्रत्येकाचा पहिला विषय अ‍ॅनाटॉमी होता.

पुढच्या वेळी मी तिला वह्या आणायला सांगितल्या. अ‍ॅनाटॉमीची वही हाताळून फुगली होती. कोपरे दुमडलेले, पहिल्या वीस पानांवर तीन रंगांच्या हायलायटरचे थर, मानेच्या त्रिकोणांची आकृती दोनदा काढलेली. पीएसएमची, म्हणजे सामाजिक आरोग्य आणि रोगप्रतिबंध या विषयाची वही उघडली तर पानं एकमेकांना चिकटलेली होती.

"ही किती वेळा वाचलीस?"

"सुरुवातीचा भाग चार-पाच वेळा तरी झाला असेल."

"आणि ही?"

"ती शेवटी करणार होते, मॅडम."

अ‍ॅनाटॉमीवर १७ प्रश्न येतात, पीएसएमवर ३०. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. विषयवार प्रश्नसंख्या परीक्षा घेणाऱ्या मंडळाच्या माहितीपत्रकातच छापलेली असते आणि तिला ती तोंडपाठ होती. या मुलांकडे माहितीचा तुटवडा कधीच नसतो. म्हणून मी तिला अभ्यासाची कुठलीही युक्ती सांगितली नाही. सांगितली असती तर तिने तिचंही एक रंगीत टाइमटेबल केलं असतं.

त्याऐवजी मी एवढंच विचारलं, "काल किती अभ्यास झाला?"

"काहीच नाही. अख्खा दिवस वाया गेला."

"उठल्यापासून सांग बघू."

पाचचा गजर तिने बंद केला होता, उठली सव्वासहाला. सात ते साडेआठ पॅथॉलॉजीचा व्हिडिओ. मग आत्या आली, चहापाणी झालं. दहा ते बारा क्यूबँकचे, म्हणजे सरावाच्या प्रश्नसंचातले प्रश्न. जेवणानंतर वीज गेली आणि तिला झोप लागली. साडेचार ते पावणेसहा पुन्हा एक व्हिडिओ. रात्री पाऊण तास नोट्स. ती सांगत होती आणि मी लिहीत होते. मग कागद तिच्यापुढे सरकवला. "बेरीज कर."

तिने केली. पुन्हा एकदा केली.

"साडेपाच तास."

"मघाशी तर काहीच नाही म्हणालीस."

"पण तेरा करायचे होते ना!"

"तेरा झाले नाहीत, कबूल. पण झालेल्या साडेपाचांचं काय करायचं? फेकून द्यायचे?"

ती गप्प झाली. मीही गप्प राहिले. नंतर बोलू लागली ती माझ्याकडे न बघता. "पाचला जाग आली नाही ना, की मला वाटतं आजचा दिवस गेलाच. मग दुपारी झोपते, जाऊ दे, उद्यापासून. रात्री स्वतःचा इतका राग येतो की झोप लागत नाही. मग नवीन टाइमटेबल करायला बसते. ते करताना मात्र बरं वाटतं."

"नवीन टाइमटेबल आधीच्यापेक्षा सोपं असतं की कडक?"

"कडक," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, अगदी हळू आवाजात, "मॅडम, मी स्वतःला शिक्षाच देत होते का?"

हे वाक्य तिच्या तोंडून यावं म्हणून मी थांबले होते. पहिल्याच दिवशी तो चार्टपेपर बघून मी हे सांगू शकले असते. पण समुपदेशकाने सांगितलेलं घराच्या फाटकापर्यंत टिकतं, स्वतःला सापडलेलं परीक्षेच्या हॉलपर्यंत सोबत येतं. योग्य प्रश्न विचारायचा आणि मग उत्तराच्या आड यायचं नाही, हे मी इतक्या वर्षांत कमावलेलं कौशल्य आहे, आणि मला त्याचं मोल वाटतं.

मयुरीला जे सापडलं ते मला जवळजवळ प्रत्येक मुलात दिसतं. नापास झाल्याची टोचणी असते. ती शमवायला माणूस कडक टाइमटेबल करतो, म्हणजे एका परीने प्रायश्चित्तच घेतो. ते पाळणं शक्य नसतं, म्हणून मोडतं. मोडलं की टोचणी वाढते आणि पुढचं टाइमटेबल आणखी कडक होतं. अ‍ॅनाटॉमीचं कोडंही इथेच सुटतं. प्रायश्चित्त घेणारा नेहमी पहिल्या पानापासून सुरू करतो, आणि पहिल्या वर्षाचा पहिला विषय अ‍ॅनाटॉमी. दर सोमवारी नवा जन्म, दर बुधवारी तो संपलेला. पीएसएमपर्यंत कुणी पोचतच नाही.

अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास मांडलेली एक गोष्ट मी माझ्या कामाचा पाया मानते. घडलेल्या घटनेपेक्षा त्या घटनेबद्दल आपण मनाशी काय म्हणतो, याने आपण जास्त कोलमडतो. पाचला जाग आली नाही ही घटना. 'म्हणजे मी कामाची नाही' हे आपण जोडलेलं शेपूट. घटनेची किंमत सव्वा तास, शेपटाची किंमत अख्खा दिवस. एलिस आणखी सांगत असे की कृतीला खुशाल नावं ठेवा, अख्ख्या माणसाला गुण देऊ नका. मयुरीने तो बेरजेचा कागद जपून ठेवला, आणि आळशी हा शब्द तिच्या बोलण्यातून हळूहळू गेला.

मग टाइमटेबल. आधी एक आठवडा काहीही आखायचं नाही, फक्त झालेलं लिहायचं, असं ठरलं. सरासरी पावणेसहा तास आली. मी म्हटलं, आपण पाचाची योजना करू.

"पाचच? माझ्या मैत्रिणी चौदा-चौदा तास करतात!"

"त्यांच्या चौदा तासांची बेरीज तू केली आहेस का?"

ती पहिल्यांदा हसली.

डिसेंबरच्या परीक्षेला सतरा आठवडे होते. आठवड्याचे सहा दिवस, रोज पाच तास, म्हणजे ५१० तास. आणि तिच्या अ‍ॅपवर न बघितलेले व्हिडिओच ३८० तासांचे! हा हिशोब तिने स्वतः मांडला आणि ती हबकली. बरं झालं हबकली. कारण त्यानंतर सगळे व्हिडिओ पुरे करायचा हट्ट आपोआप सुटला. ज्या विषयाचे प्रश्न सुटतच नाहीत त्याचेच व्हिडिओ, बाकी वेळ प्रश्न आणि रिव्हिजन.

विषयांचा क्रम गुणांवरून लावला. मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्र ३०, पीएसएम ३० असे चार विषय मिळून १२५ होतात. बालरोग, डोळे आणि कान-नाक-घसा प्रत्येकी १५, म्हणजे आणखी ४५. सात विषयांत १७०. सगळेच्या सगळे कुणालाच मिळत नाहीत, त्यामुळे फिजिऑलॉजी, फार्माकोलॉजी सोडून चालत नाही, पण जोर कुठे द्यायचा ते स्पष्ट होतं. पहिल्याच आठवड्यात तिने पीएसएमची चिकटलेली पानं सोडवली. सातवा दिवस कोरा ठेवला, आठवड्याचा बॅकलॉग भरायला. बॅकलॉग नसेल तर सुट्टी, आणि ती सुट्टी पश्चात्ताप न करता घ्यायची. हा कोरा दिवस मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्या टाइमटेबलात पाहुणे, ताप आणि वीज जाणं यांना जागा नाही, ते निदान आपल्या गोव्यातल्या माणसासाठी लिहिलेलं नाही.

चवथीवरून, म्हणजे गणपतीच्या दिवसांवरून मात्र तिच्या वडिलांशी बोलावं लागलं.

"मॅडम, यंदा चवथीला तिला खोलीतच राहू दे म्हणतो मी. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला आम्ही आहोत."

"बाबा, खोलीत बसून ती वाचेल, असं तुम्हाला वाटतं?"

ते थोडा वेळ विचार करत राहिले. "नाही. बाहेरची आरती ऐकत बसेल."

"मग ते तीन दिवस तिला माटोळीखालीच राहू द्या. आपण ते आधीच वजा धरलेत."

आईलाही एक निरोप धाडला. मुलीच्या हातातून ताट काढून घेऊन 'तू जा, अभ्यास कर' म्हणू नका. घरात सगळे कुजबुजत बोलतात, टीव्हीचा आवाज बंद असतो, यानेच मयुरीवर जास्त दडपण येत होतं. दुपारची भांडी ती घासू लागली आणि दुपारची झोप कमी झाली.

तिला खरी भीती होती ती टेस्टची. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, टेस्ट ते खोटं पाडते, म्हणून मुलं टेस्ट पुढे ढकलतात. रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुढे होते. आठवड्याने मात्र स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना जास्त आठवत होतं. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते, असं मी मुलांना सांगते. म्हणून पुस्तक उघडण्याआधी, सकाळच्या पहिल्या सत्रातच मिश्र विषयांचे पन्नास प्रश्न, पन्नास मिनिटांत. अशा पहिल्या टेस्टला तिला पन्नासांत १९ आले. त्या संध्याकाळी फोनवर ती रडली. मी तिला चुकलेले प्रश्न तीन रकान्यांत मांडायला लावले. माहीतच नव्हतं, माहीत होतं पण गोंधळ झाला, प्रश्नच नीट वाचला नाही. तिसऱ्या रकान्यात नऊ प्रश्न निघाले. 'खालीलपैकी कोणते नाही' यातला 'नाही' तिने वाचलाच नव्हता. १३८ आणि १५० मधलं अंतर बारा गुणांचं आहे, हे तिला माझ्याआधी दिसलं. जूनमध्ये येत नाहीत म्हणून कोरे सोडलेले प्रश्नही तिला तेव्हाच आठवले. गुण कापत नाहीत तिथे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही.

शेवटचे सहा आठवडे नवीन काहीच नव्हतं. दर रविवारी ग्रँड टेस्ट, अडीच तास, मध्ये विश्रांती, पुन्हा अडीच तास. घरी लक्ष लागेना तेव्हा ती कदंबाने पणजीला येऊन पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसायची. अधूनमधून पाच तासांचे तीनच व्हायचे. वहीत ती तीनच लिहायची आणि दुसऱ्या दिवशी पाचची योजना तशीच ठेवायची, सहा करायची नाही. या मुलीत काय बदललं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

डिसेंबरला ती पास झाली. आता बांबोळीच्या सरकारी इस्पितळात इंटर्नशिप करते आहे.

पण सगळ्यांनाच टाइमटेबलाची गरज असते असं नाही. तिच्यानंतर आलेल्या एका मुलाला मी अभ्यासाबद्दल एक शब्दही विचारला नाही. तीन आठवडे त्याला धड झोप नव्हती, जेवण सुटलं होतं, आणि 'मी नसलो तर घरच्यांचं कर्ज तरी वाढणार नाही' असं तो बोलून गेला. त्याच दिवशी त्याच्या भावाला बोलावून घेतलं आणि दोघांना बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत पाठवलं. ती परीक्षा त्याने सोडली, पुढचीही सोडली, आणि आता हळूहळू पुन्हा पुस्तकं उघडतो आहे. तुमच्या घरात कुणी असं बोलत असेल तर निकालाची वाट बघू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीबेरात्रीही लागतो, आणि फोन घरच्यांनी केला तरी चालतो.