मावशींचं ऑपरेशन झालंय, लांबून मोबाईलवर लक्ष कसं ठेवायचं?

ताई, तुम्ही विचारलंय की निपाणीच्या मावशींचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, लाईटपण (म्हणजे रेडिएशन) देऊन झाली, आता हॉस्पिटलातनं अधूनमधून फोन येतो तर त्याचा काही उपयोग असतो का आणि तुम्ही पुण्यात बसून काय करायचं. उपयोग आहे, भरपूर आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये पसरलेल्या कॅन्सरचे, केमो चालू असलेले ७६६ पेशंट घेऊन बघितलं होतं, ज्यांनी आपला त्रास नेमानं ऑनलाइन कळवला आणि नर्सनं लगेच दखल घेतली ते सरासरी ३१ महिने जगले, बाकीचे २६. निकाल २०१७ ला आला. म्हणजे नुसतं वेळेवर कळण्यानंसुद्धा फरक पडतो बघा.

पण आधी फाईलवर नंबर कुणाचा आहे ते बघा! आपल्याकडं बरेचदा मुलाचा असतो आणि मुलगा गोव्याला नाहीतर पुण्याला, त्याला आईनं सकाळी काय खाल्लं ते माहीत नसतं, तो "बरी आहे" म्हणून ठेवून देतो. नाहीतर रिचार्ज न केल्यानं सिम बंद पडतं, काही महिन्यांनी तोच नंबर कंपनी दुसऱ्याला देते, मग हॉस्पिटलला मावशी सापडायच्याच नाहीत. म्हणून दोन नंबर द्या, एक सुनेचा किंवा जी रोज जवळ असते तिचा, दुसरा तुमचा. आणि मराठीतनं बोला असं फाईलवर लिहून घ्या, कन्नडमधनं फोन आला की आपली म्हातारी माणसं घाबरून कट करतात.

तुम्ही स्वतः फोन कराल तेव्हा "कशी आहेस" विचारू नका, उत्तर "बरी हाय" हेच येणार. तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का ते विचारा, कारण लाईटनंतर तोंड हळूहळू आवळत जातं आणि व्यायाम सोडला तर घास जाईना होतो, दोनच बोटं जायला लागली की लगेच डॉक्टरांना सांगा. भाकरी खाते की नुसती पेज, आठवड्याला त्याच काट्यावर वजन किती, मानेला नवी गाठ लागते का, मिश्री परत सुरू झाली का (हे प्रेमानं विचारा, रागावलं की लपवतात). तोंडातल्या जखमेचा फोटो दारात दिवसाउजेडी काढायला सांगा, बल्बखाली सगळं लालच दिसतं.

तरी तपासणीची तारीख चुकवायची नाही. हा आजार उलटायचा तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, आणि मानेतली छोटी गाठ डॉक्टरांच्या बोटालाच कळते, व्हिडिओ कॉलवर नाही. पुढं केमो लागली आणि ताप १००.४ च्या वर गेला तर व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून रिप्लायची वाट बघायची नाही, रात्र असली तरी गाडी काढून सरळ दवाखाना.