संप झालाच तर टी.वाय.च्या मुलाचं काय होतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा पुण्यात टी.वाय. बी.कॉम.ला आहे, नऱ्ह्याला चौघांत मिळून खोली घेऊन राहतो, मागचा एक विषय राहिलाय, एम.बी.ए.ची सीईटी दिलीय. कॉलेजात कर्मचाऱ्यांनी काळ्या फिती लावल्यात आणि परीक्षेच्या कामावर बहिष्काराची भाषा सुरू झालीय. वर्ष वाया जाईल का, आणि तोवर त्याला परांड्याला बोलावून घ्यावं का?

भाऊ, वर्ष जाणार नाही. फार तर महिना-दोन महिने पुढे-मागे होईल. पण हे सगळ्यांचं सारखं होत नाही. मी पुण्यातल्या एका अनुदानित कॉलेजच्या कार्यालयातून निवृत्त झालो, त्यातली बरीच वर्षं परीक्षा विभागात गेली. संपात मीही बसलोय. तेव्हा हे खिडकीच्या आतल्या माणसाचं बोलणं आहे, असं धरूनच वाचा.

आधी संप कोणाचा ते विचारा. पोरं घरी फोन करून 'कॉलेज बंद आहे' एवढंच सांगतात. प्राध्यापकांचा संप वेगळा आणि शिक्षकेतरांचा वेगळा. प्राध्यापक बसले की तास बुडतात, हे डोळ्यांना दिसतं म्हणून पालक घाबरतात. खरं तर बुडालेला तास भरून निघतो. नंतर जादा तास होतात, सुट्ट्या कापल्या जातात, आणि टी.वाय.ची निम्मी पोरं तशीही क्लासच्या नोट्सवरच असतात. उपस्थितीची काळजी सोडा. जे तास झालेच नाहीत ते ७५ टक्क्यांच्या हिशेबात धरत नाहीत.

शिक्षकेतरांच्या, म्हणजे लिपिक-शिपाई अशा कार्यालयातल्या माणसांच्या, संपात मात्र तास चालू राहतात आणि कागद थांबतो. परीक्षेचा अर्ज तपासून पुढे पाठवणारा, बैठक व्यवस्था लावणारा, ऑनलाइन आलेली प्रश्नपत्रिका उघडून तिच्या झेरॉक्स काढणारा, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधून कॅप सेंटरला, म्हणजे पेपर तपासणीच्या केंद्राला, पाठवणारा, सगळे आमचेच. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातही तेच. म्हणून आमच्या संपाची धार परीक्षेच्या दिवसांत जास्त, आणि संघटनाही मुहूर्त बघूनच हाक देते. यात लपवण्यासारखं काही नाही. जुलैत संप केला तर मंत्रालयात फाईलवरची धूळसुद्धा हलत नाही.

जुने दाखले देतो, म्हणजे अंदाज येईल. २०१३ साली एमफुक्टोने, म्हणजे प्राध्यापकांच्या राज्य महासंघाने, ४ फेब्रुवारीपासून परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला होता. मागण्या दोन मोठ्या होत्या: सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी, आणि १९९१ ते २००० या काळात लागलेल्या, नेट-सेट या पात्रता परीक्षा पास नसलेल्या प्राध्यापकांच्या सेवेचा प्रश्न. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि १० मे रोजी बहिष्कार मागे घेतला गेला. फेब्रुवारी ते मे म्हणजे नेमका वार्षिक परीक्षांचा हंगाम. सरकारने त्या काळातला ७१ दिवसांचा पगार कापला. प्राध्यापकांचं म्हणणं, आम्ही नंतर सगळे पेपर तपासून दिले, मग पगार का नाही? २०१८ च्या सप्टेंबरात ते पुन्हा बेमुदत संपावर गेले, तेव्हा रिक्त पदं आणि सातव्या आयोगाबरोबर हे ७१ दिवसही यादीत होतेच. म्हणजे २०१३ ची पोरं पास होऊन नोकरीला लागली, काहींची लग्नंही झाली असतील, तरी गुरुजींचा हिशेब मिटला नव्हता.

आमचा, शिक्षकेतरांचा, अलीकडचा मोठा संप २०२३ चा. २ फेब्रुवारीपासून परीक्षेच्या कामावर बहिष्कार, १६ तारखेला एक दिवसाचा लाक्षणिक संप, २० पासून बेमुदत. मुख्य भांडण आश्वासित प्रगती योजनेचं. बढतीची जागाच नसली की माणूस वर्षानुवर्षं एकाच पदावर कुजतो, त्याला ठरावीक वर्षांनी निदान वरची वेतनश्रेणी तरी मिळावी, अशी ही सोय. तिचे आधीचे शासन निर्णय रद्द झाले, ते परत लागू करा, एवढं मागणं होतं. ते आटोपतंय तोच १४ मार्चला जुन्या पेन्शनसाठी राज्यभरचे सरकारी कर्मचारी बसले, तो संप २० मार्चला मिटला.

यात तुमच्या कामाची गोष्ट ही, की संप कधीच एका रात्रीत येत नाही. निवेदन, काळ्या फिती, जेवणाच्या सुट्टीत निदर्शनं, एक दिवसाचा संप आणि मग बेमुदत. तुम्ही आत्ता काळ्या फितींवर आहात. फिती लावलेला माणूस काम करतो. पुढचे आठ-दहा दिवस खिडकी उघडी आहे असं समजा.

आता निकालाचं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करायचा असतो, आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या पुढे जायचं नसतं. संप नसतानाही ही मुदत चुकते, ते सोडा. पण संप मिटला की विद्यापीठावर वर्तमानपत्रांचा, विद्यार्थी संघटनांचा, मंत्र्यांचा दाब असतो. त्यामुळे मोठे निकाल झपाट्याने निघतात. बी.कॉम.चा निकाल लागला, अशी बातमी येते आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात.

पुणे विद्यापीठाखाली पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांतली शेकडो कॉलेजं आहेत. त्या ढिगातून जी पोरं बाजूला पडतात त्यांचं काय होतं, हे कोणी छापत नाही. एकाच्या निकालासमोर 'राखीव' येतं, म्हणजे निकाल रोखून ठेवलेला. कारण काय, तर एका विषयाचे अंतर्गत गुण गेलेले नाहीत. हे गुण विभागातले सर देतात, कॉलेजच्या लॉगिनमधून ते भरतो लिपिक, मग त्याची प्रिंट निघते, तिच्यावर प्राचार्यांची सही होते, आणि मुदत संपली की ती लिंक बंद होते. संपाच्या आठवड्यात लिंक बंद झाली तर पुढे प्राचार्यांचं पत्र, बहुधा विलंब शुल्क, आणि ते पत्र हातात धरून गणेशखिंडीला, म्हणजे विद्यापीठात, माणूस. आमच्याकडे एका संपानंतर एका मुलीच्या गुणांच्या रकान्यात चुकून 'गैरहजर' पडलं होतं. तिची प्रकल्पाची वही सरांच्या कपाटात होती, गुण सरांच्या डायरीत होते. तिचा निकाल वर्गाच्या निकालानंतर बऱ्याच उशिराने लागला, तोवर तिला हव्या असलेल्या प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या होत्या. संपाचा मार बसला तो हा. तिच्या वर्गातल्या बाकीच्यांना विचाराल तर संप झाला होता हेही त्यांना आठवणार नाही.

तुमचा मुलगा याच गटात मोडू शकतो, कारण त्याचा मागचा विषय आहे. राहिलेल्या विषयाचा पेपर वेगळा, कधीकधी जुन्या अभ्यासक्रमाचा, त्याचे गठ्ठे छोटे, ते तपासायला माणसं कमी. पुनर्मूल्यांकन, नावातली दुरुस्ती, राखीव निकाल, मागचे विषय ही सगळी कामं रांगेत शेवटी. मुद्दाम नाही करत कोणी. साठलेलं काम उपसताना माणूस हजारांचा गठ्ठा आधी उचलतो.

म्हणून याच आठवड्यात त्याला कॉलेजात पाठवा. दोन्हीकडचा, चालू सत्राचा आणि मागच्या विषयाचा, परीक्षा अर्ज पुढे गेलाय का ते त्याने स्वतः विचारावं आणि पावती जपून ठेवावी. प्रत्येक विषयाच्या सरांना भेटून अंतर्गत गुण भरले का हे विचारावं. सर वैतागतील, वैतागू देत. आधीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका मूळ प्रतीत हातात असाव्यात. बोनाफाइड आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याची कामं आत्ताच उरका. सीईटीची चिंता नको, ती राज्य सरकारचा सीईटी सेल घेतो, तिचा विद्यापीठाच्या संपाशी संबंध नाही. घोळ होतो तो प्रवेशफेरीत कागदपत्र पडताळणीच्या वेळी, तिथे पदवीचा निकाल दाखवावा लागतो. निकाल सगळ्यांचाच उशिरा असेल तर मुदत वाढवून मागायला सगळे असतात. एकट्याचा राखीव असेल तर कोणी विचारत नाही.

शिष्यवृत्तीचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, अर्ज असेल तर तोही बघा. मुलाने अर्ज सबमिट केला म्हणजे झालं, असं पोरांना वाटतं. तो आधी कॉलेजच्या लिपिकाच्या लॉगिनला पडतो, मग प्राचार्यांच्या, आणि मग सरकारकडे जातो. निर्वाह भत्त्यावर खोलीचं भाडं काढणारी पोरं मी पाहिलीत, त्यांचा अर्ज लिपिकाच्या लॉगिनला पडून राहिला की मेसवाल्याची उधारी वाढते. पुण्यात घर असलेल्याला संप म्हणजे लांबलेली सुट्टी. परीक्षा महिनाभर पुढे गेली तर तुमच्या खिशातून एक जादा भाडं, एक जादा मेस, आणि अभ्यासिकेची फी जाणार, हे धरून चला. तो खर्च कुठल्याही वाटाघाटीच्या मसुद्यात नसतो.

तरीही मुलाला गावी बोलावू नका. नवीन वेळापत्रक आलं की हातात किती दिवस मिळतील याचा नेम नसतो. शिवाय मधल्या काळात कॉलेजात 'उद्या चार वाजेपर्यंत सही करून जा' असे निरोप येतात, ते परांड्यात बसून साधत नाहीत. चौघांपैकी एकाने जरी थांबून बाकीच्यांची कामं बघायची ठरवली तर पाळीपाळीने गावी जाता येईल, तेवढं करा.

कोणीतरी विचारेलच, की पोरांना वेठीला धरणं तुम्हाला पटतं का? नाही पटत. परीक्षेचं काम हा नोकरीचाच भाग आहे, कायदा तसं म्हणतो, आणि सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा हक्क नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच सांगून ठेवलंय. पण तीन माणसांचं काम एकावर टाकायचं, रिक्त जागा वर्षानुवर्षं भरायच्या नाहीत, आणि निवेदनांना साधं उत्तरही द्यायचं नाही, हेही पोरांच्या मुळावरच येतं, फक्त त्याची बातमी होत नाही. आणि तासिका तत्त्वावरच्या सरांचा विचार तर दोन्ही बाजू करत नाहीत. त्यांना तासाप्रमाणे पैसे, कॉलेज बंद तर मानधन बंद, संप यशस्वी झाला तरी पगारवाढ दुसऱ्यांची.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असंही नाही. ब्रिटनमध्ये २०२३ साली २० एप्रिल ते ६ सप्टेंबर १४५ विद्यापीठांत पेपर तपासणीवर बहिष्कार होता. काही पोरं पदवीदानाला गाऊन घालून गेली, तेव्हा त्यांची श्रेणी ठरलेलीच नव्हती.

एक राहिलं. कॉलेज अनुदानित आहे की विनाअनुदानित, ते कळवा. विनाअनुदानित असेल तर तिथले कर्मचारी बहुधा संपात उतरणार नाहीत, अर्ज आणि अंतर्गत गुण वेळेवर जातील, पण निकाल मात्र त्याच विद्यापीठातून यायचाय. आणि निकाल लागल्यावर राहिलेल्या विषयात दोन-चार गुणांनी अडला असेल तर उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवायची मुदत छोटी असते. त्या दिवसांत संप असो-नसो, संकेतस्थळ रोज उघडून बघायला सांगा.