अधिवेशन दक्षिणेत घ्यायचं, पण कोणत्या गावात?

प्रश्न : मध्य गुजरातेतल्या नेत्रतज्ज्ञांची आमची एक संघटना आहे. पुढच्या हिवाळ्यातलं तीन दिवसांचं अधिवेशन दक्षिणेत घ्यायचं ठरलंय. कुटुंबांसह अडीचशे माणसं होतील. बंगळूर, चेन्नई, हैदराबाद नको, मध्यम आकाराचं शहर हवं आणि सोबत येणाऱ्यांना पाहायला काहीतरी हवं, इथपर्यंत एकमत आहे. पुढे म्हैसूर, कोइमतूर, मदुराई आणि तंजावर अशी चार नावं आहेत आणि समितीत गटही चार. काय करावं?
— एक वाचक, अलकापुरी, बडोदे

उत्तर : डॉक्टर, महानगरं तुम्ही आधीच बाजूला ठेवलीत हे फार चांगलं केलंत. अधिवेशनं जमवणं हेच माझं वर्षानुवर्षांचं काम आहे. मोठ्या शहरात काय होतं ते सांगते. पाच वाजता शेवटचं भाषण संपतं आणि माणसं पांगतात. कुणाची बहीण तिथे असते, कुणाचा मुलगा तिथल्या कंपनीत असतो, उरलेले टॅक्सी करून मॉलमध्ये जातात. रात्रीच्या जेवणाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतात. वर्षभर फोनवर बोलणारी माणसं प्रत्यक्ष भेटावीत म्हणून एवढा खर्च करायचा आणि तीच भेट हुकायची! म्हणून समितीपुढे हॉलच्या दरपत्रकाआधी एक प्रश्न ठेवा. संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात आपली माणसं पायी किंवा दहा मिनिटांच्या रिक्षाने कुठे जातील, आणि तिथे ती एकमेकांना पुन्हा दिसतील का?

या कसोटीवर माझं मत म्हैसूरला.

म्हैसूरच्या मधोमध जो मोठा रस्ता जातो त्याचं नाव सयाजीराव रोड. होय, आपल्याच सयाजीराव महाराजांचं नाव. दसऱ्याची मिरवणूक याच रस्त्याने जाते आणि देवराज मार्केटही याच रस्त्यावर आहे. या बाजारात सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जायला सांगा. एका गल्लीत नुसती फुलं, मोगऱ्याच्या माळा हातावर मोजून देतात. पुढच्या गल्लीत कुंकवाचे आणि रंगांचे उंच शंकू लावून ठेवलेले, त्यापलीकडे विड्याची पानं, केळ्यांचे घड, अत्तराच्या छोट्या बाटल्या. तिथे तासभर सहज जातो आणि दर वळणावर आपल्याच गटातलं कुणीतरी भेटतं. मला जे हवं असतं ते हेच.

राजवाडा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जुना लाकडी वाडा 1897मध्ये, राजघराण्यातल्या लग्नाच्या वेळी, आगीत गेला. आजचा वाडा हेन्री अर्विन या वास्तुविशारदाने आखला आणि 1912मध्ये तो पूर्ण झाला. लक्ष्मी विलास रोज पाहणाऱ्या बडोदेकरांना वाड्याचं अप्रूप नसेल असं समितीतलं कुणी म्हणेल. माझा अनुभव उलटा आहे. कमानी, घुमट, रंगीत काचा ओळखीच्या असल्यामुळे आपली माणसं तिथे जास्त वेळ रेंगाळतात, तुलना करत बसतात. दर रविवारी आणि सरकारी सुट्ट्यांना संध्याकाळी सातच्या सुमारास वाड्यावरचे जवळजवळ लाखभर दिवे एकदम लागतात. तेव्हा अधिवेशन शुक्रवार ते रविवार ठेवा, समारोप रविवारी पाचपर्यंत आटपा आणि सगळ्यांना घेऊन वाड्याच्या पटांगणात जा. वेगळ्या करमणुकीच्या कार्यक्रमाचे पैसे वाचतील.

आता प्रवासाचं. बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्ग 2023मध्ये झाला आणि “दीड तासात म्हैसूर” असं सगळे सांगू लागले. पण तो वेळ बंगळूर शहराच्या म्हैसूरकडच्या टोकापासूनचा. विमानतळ आहे उत्तरेला देवनहळ्ळीत, म्हैसूर नैर्ऋत्येला. अख्खं शहर ओलांडावं लागतं, म्हणून विमानतळ ते म्हैसूर चार-साडेचार तास धरा. दुपारी उतरणाऱ्या माणसाला संध्याकाळच्या उद्घाटनाला बसवू नका, उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा. म्हैसूरला छोटा विमानतळ आहे, पण अडीचशे माणसांचा हिशेब त्याच्यावर बसवता येणार नाही. ज्यांना आगगाडी आवडते त्यांच्यासाठी अजमेर-म्हैसूर एक्स्प्रेस बडोद्यावरूनच जाते. दीड दिवस लागतो आणि ती रोज नसते, तरी निवृत्त मंडळी तीच पसंत करतील.

तारखा ठरवताना दोन्हीकडची पंचांगं समोर घ्या. दिवाळीची सुट्टी मुलांसाठी सोयीची, पण ऑक्टोबर ते डिसेंबर हा तमिळनाडूत ईशान्य मान्सूनचा काळ आणि म्हैसूरलाही त्याची झळ लागते. नाताळचा आठवडा नकोच, म्हैसूर तेव्हा माणसांनी फुललेलं असतं. उत्तरायणाला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला, बडोदेकर आपली गच्ची सोडून कुठे जाणार नाही, आणि तिकडे त्याच दिवसांत पोंगल. फेब्रुवारीच्या शेवटी बोर्डाच्या परीक्षा घरोघरी जाणवू लागतात. उरतो जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारीचा पहिला आठवडा. 26 जानेवारीला जोडून सुट्टी येत असेल तर खोल्यांचे दर चढतात, तेवढं टाळा.

या दिवसांत लग्नंही असतात, आणि यजमान हॉटेल एकाच वेळी तुमची सभा आणि लग्न दोन्ही घेऊ शकतं. करारात लिहून घ्या की सभेच्या वेळात शेजारच्या हॉलमध्ये किंवा लॉनवर ढोल, बॅण्ड, नादस्वरम काही वाजणार नाही. हॉलची क्षमता सांगताना हॉटेलवाले नुसत्या खुर्च्यांच्या रांगा मोजतात. गोल टेबलं मांडली की तीच क्षमता जवळजवळ निम्मी होते. खांब किती आणि कुठे आहेत तेही विचारा.

आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंधार. तुम्ही लोक शस्त्रक्रियेचे व्हिडिओ दाखवता. एका हॉटेलात डॉक्टरांच्याच सभेला एका बाजूला सलग काचा होत्या आणि त्यांवर पातळ पडदे. सकाळी झकास दिसत होतं. दुपारी तीनला ऊन फिरलं आणि पडद्यावरचं चित्र पांढरं पडलं, वक्ता थांबला. शेवटी हॉटेलच्या धुलाईखात्यातून चादरी आणून आम्ही काचांवर टाचल्या, तेव्हा सत्र पुढे गेलं. म्हणून हॉल पाहायला जो कुणी जाईल त्याने दुपारी तीनलाच जावं आणि प्रोजेक्टर लावायला सांगून शेवटच्या रांगेतून बघावं. कांदा-लसूण नसलेलं जेवणही तेव्हाच चाखून यावं. दक्षिणेत सांबारात छोटा कांदा इतका सहज पडतो की स्वयंपाक्याला आधी समोर बसवून सांगावं लागतं.

बाकीच्या तीन गटांनाही उत्तर द्यायला हवं.

कोइमतूर हे गिरण्या, पंप आणि यंत्रांचं शहर आहे. कोडिसिया या तिथल्या उद्योजक संघटनेचं प्रदर्शन संकुल मोठं आहे आणि विमानतळाजवळ आहे. यंत्रसामग्रीचं प्रदर्शन भरवायचं असतं तर मी तेच सुचवलं असतं. पण तिथे पाहायला काय, असं विचारलं की उत्तर उटी येतं, आणि उटी म्हणजे पूर्ण दिवसाचा घाट.

मदुराईचा मोह मला समजतो. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी 1976मध्ये तिथे अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया गरिबाला परवडतील अशा कशा करायच्या हे जगाला दाखवलं. तुमच्या पेशाच्या माणसाने ते पाहायलाच हवं. पण ते चालतं रुग्णालय आहे, अडीचशे माणसांना सहकुटुंब फिरवण्याची जागा नव्हे. तिथे दहा-पंधरा तरुण डॉक्टरांना आधी पत्रव्यवहार करून वेगळं पाठवा. राहिलं मीनाक्षी मंदिर. ते दुपारी काही तास बंद असतं, म्हणजे नेमक्या त्याच वेळात जेव्हा सोबतची मंडळी मोकळी असतात. मोबाइलही बाहेर ठेवावे लागतात. नुसते डॉक्टर जाणार असते तर मी मदुराईच म्हटलं असतं.

आणि तंजावर. हे नाव ज्या सभासदाने सुचवलं त्याला माझा नमस्कार सांगा. शिवाजी महाराजांचे भाऊ व्यंकोजीराजे यांच्यापासून 1855पर्यंत तिथे मराठी राज्य होतं. रावपुऱ्यात ज्या चिमणाबाई टॉवरखालून आपण जातो त्या सयाजीरावांच्या पत्नी पहिल्या चिमणाबाई मूळच्या तंजावरच्या लक्ष्मीबाई. 1880मध्ये त्या सून होऊन बडोद्याला आल्या आणि त्यांच्याबरोबर तंजावरचं नृत्य आपल्या दरबारात आलं. त्याच काळातले बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव हे तंजावरजवळच्या कुंभकोणमच्या मराठी घरातले. राजराज चोळाने 1010मध्ये पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे. तिथे उभं राहून आपली भाषा दगडावर बघताना माझे डोळे भरून आले होते.

नेत्रतज्ज्ञांसाठी याहून मोठी गोष्ट सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. सरफोजीराजांना वैद्यकाचं फार वेड. त्यांच्या काळात डोळ्यांच्या रोग्यांवर झालेल्या उपचारांच्या नोंदी, रोग्याच्या डोळ्यांच्या चित्रांसकट, तिथे जपलेल्या आहेत. दोनशे वर्षांपूर्वीची तुमची केसपेपर्स म्हणा ना. ती प्रत्यक्ष दाखवावीत म्हणून संघटनेच्या कागदावर दोन-तीन महिने आधी विनंतीपत्र पाठवा, अशा गोष्टी आयत्या वेळी कुणी काढून देत नाही.

तरी अडीचशे माणसांची सभा मी तिथे घेणार नाही. एका छताखाली तेवढ्या खोल्या आणि हॉल जमवणं अवघड आहे. माणसं चार हॉटेलांत विखुरतील आणि महानगर टाळून साधलेलं सगळं हातचं जाईल. त्याऐवजी अधिवेशन म्हैसूरला घ्या आणि ज्यांची इच्छा असेल त्यांच्यासाठी सोमवारपासून दोन दिवसांची तंजावर सहल ठेवा. म्हैसूरहून कुंभकोणमकडे जाणारी गाडी दुपारनंतर निघते आणि पहाटे तंजावरला सोडते. परतायला तिरुचिरापल्लीचा विमानतळ रस्त्याने दीडेक तासावर आहे. चाळीस नावं आली की एक बस भरली, त्याहून जास्त घेऊ नका.

प्रश्न : याच अधिवेशनाला मी पत्नीसोबत जाणार आहे. डॉक्टर ती आहे, मी सोबत. बरोबर 78 वर्षांच्या सासूबाई असतील, गुडघे दुखतात. त्यांना काय झेपेल?
— एक वाचक, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : चामुंडी टेकडीच्या हजार पायऱ्यांची काळजी नको, वरपर्यंत गाडी जाते आणि वाटेतल्या अखंड दगडातल्या नंदीपाशीही थांबता येतं. राजवाड्यात मात्र चपला बाहेर काढून बरंच चालावं लागतं आणि दरबार वरच्या मजल्यावर आहे. सकाळी दार उघडताच न्या, नाहीतर त्यांना फक्त रविवारची रोषणाई दाखवा. प्राणिसंग्रहालय 1892चं, दाट झाडीचं, आत बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या मिळतात; मंगळवारी बंद. तंजावरला न्यायचं ठरलं तर मंदिरात सकाळी सहा-सातलाच पोहोचा. अंगण सगळं दगडी, अनवाणी चालायचं, आणि दहानंतर तो दगड तापतो. जाड सुती मोज्यांचा एक जोड पिशवीत असू द्या.