जुनी सेडान घेतोयस? आधी कार्पेट उचल

एकाच मॉडेलबद्दल एक जण म्हणतो, दोन लाख किलोमीटर झाले, कुरकुर नाही. दुसरा म्हणतो, पांढरा हत्ती. दोघंही खरंच बोलतायत. एकाची गाडी रोज हायवेने ठाण्याला जाणारी, दुसऱ्याची पावसाळ्यात दादरला हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यात उभी राहिलेली. म्हणून मॉडेल सोड, समोरची गाडी बघ.

पुढच्या सीटखालचं कार्पेट उचलून हात लाव. कुबट वास, सीटच्या रुळांवर गंज, किंवा सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर टोकाला चिखलाची रेघ दिसली, तर चहा पी आणि घरी ये. पाणी शिरलेल्या गाडीचं वायरिंग आतल्या आत सडतं, दुखणं महिन्यांनी वर येतं. माझी १४ वर्षांची गाडी अशीच ऐन गर्दीत वाकोला पुलावर बंद पडली. आधी बॅटरी बदलली, मग बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. शेवटी निघाली अर्थिंगची, गंजून हिरवी पडलेली वायर!

इंजिन थंड असतानाच चालू करून बघ. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर संशय घे. मीटरच्या आकड्यापेक्षा पेडलचं झिजलेलं रबर जास्त खरं बोलतं. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा, असेल तर बदलल्याचं बिल माग. तो तुटला की बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात.

आरसीवरची तारीखही बघ. १५ वर्षं झाली की आरटीओत तपासणी, नूतनीकरण, पर्यावरण कर, आणि तेही ५ वर्षांपुरतंच. भाव करताना हे सगळं धर. कर्जाचा बोजा उतरलाय ना, तेवढं विचार.