भूकंपात इमारत न मोडता अख्खीच कशी कलंडते?

तुम्ही जपानमधल्या निगाता शहराचा १९६४ चा फोटो पाहून विचारलंय की त्या चार मजली इमारतींचं बांधकाम कच्चं होतं का. उलट, ते चांगलं होतं म्हणूनच त्या अख्ख्या आडव्या झाल्या. दगा दिला तो खालच्या वाळूने.

मी माती तपासणीचं काम करतो. हे समजावताना मला पायली आठवते. सैल भरलेल्या पायलीला दोन धक्के दिले की धान्य खाली बसतं. भूकंपात सैल वाळूचंही तेच होऊ पाहतं. पण ती जागा शिनानो नदीकाठची, वाळूच्या फटीफटीत पाणी. वाळू दाटायची तर पाण्याने वाट सोडायला हवी, आणि हादरे इतके भराभर येतात की त्याला सवडच मिळत नाही. एरवी कण कणावर टेकलेला असतो, तीच वाळूची ताकद. पाण्याचा दाब वाढत वरच्या भाराइतका झाला की कण एकमेकांना सोडतात आणि वाळू पिठल्यासारखी पातळ होते. जड इमारत रुतते, कलते. जमिनीत पुरलेल्या पोकळ टाक्या मात्र वर येतात! पुस्तकात याला द्रवीभवन म्हणतात, साइटवर सगळे लिक्विफॅक्शनच म्हणतात. पुळणीवर पाण्याच्या कडेला उभं राहून पाय थापटत राहा, लहानसा नमुना मिळेल.

१९३४ च्या बिहारच्या भूकंपात शेतांतून वाळू-पाण्याची कारंजी उडाली, विहिरी वाळूने बुजल्या. २००१ साली कच्छच्या रणातही हेच दिसलं.

चिकण माती सहसा अशी वाहत नाही, पण तिची खोड वेगळी. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीपासून केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर होतं, तरी जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर हादरे जवळच्या कातळापेक्षा चार-पाच पट झाले.

राहिला तुमचा खाडीकाठच्या भरावावरचा प्लॉट. बिल्डरकडे सॉइल रिपोर्ट मागा आणि त्यातली 'एन व्हॅल्यू' बघा. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून टाकत नळी ३० सेंटीमीटर आत जायला लागलेले ठोके म्हणजे हा आकडा. पाण्याखालच्या वाळूत तो दहाच्या आत दिसला तर पाया कुठल्या थरापर्यंत नेलाय, वाळू आधी दाटवली आहे का, हे विचारल्याशिवाय टोकन देऊ नका. निगातात जिथं बांधण्याआधी वाळू कंपनं देऊन घट्ट केली होती, तिथं फारसं बिघडलं नव्हतं.