उत्तर: कंपाउंडबाहेर निंबाचा पाला ठेवला म्हणून दंड

ताई, तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. माहेरचं घर तालुक्याच्या गावी, तिथे आता नगर पंचायत आहे. आवारातल्या निंबाचा पाला आणि छाटलेल्या फांद्या तुम्ही कंपाउंडबाहेर नालीच्या काठाला लावून ठेवल्या, शेजारी घरच्या कचऱ्याची थैली ठेवली, आणि सकाळी नगर पंचायतीचा माणूस दीडशेची पावती फाडून गेला. शेजारचे काका रोज संध्याकाळी पाला पेटवतात, त्यांना कोणी हटकत नाही. दंड बरोबर आहे का, भरायचा का, आणि पुढच्या पानगळीला करायचं काय?

मी नगर परिषदेच्या आरोग्य विभागात नोकरी केली आहे. अशा पावत्या स्वतः फाडल्या आहेत आणि त्यापायी शिव्याही खाल्ल्या आहेत. तेव्हा कडू आहे ते आधीच सांगतो: भरून टाका. तुमच्याकडून बोलण्यासारखं फारसं काही नाही.

मारेगाव, राळेगाव, बाभूळगाव, समुद्रपूर, पोंभुर्णा ही सगळी दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत ग्रामपंचायतीची गावं. नगर पंचायत आली, पाटी बदलली, पण घरं तीच, ढोरं तीच, घरामागच्या सांदवाडीतला उकिरडाही तोच राहिला. नियम मात्र शहराचे लागले. पूर्वी पाला घराबाहेर लोटला की कोणाचं तरी ढोर त्यात तोंड घालायचं, उरला तर उकिरड्यावर जायचा. आता तोच ढीग गुन्हा ठरतो, आणि हा फरक लोकांना कोणी नीट सांगितलाच नाही. माझा राग आहे तो यावर, पावतीवर नाही.

केंद्राच्या घनकचरा नियमांत तुमच्या पाल्याचं नावच घेतलं आहे. बागेचा, झाडाचा कचरा ज्याच्या आवारात निघाला त्याने तो आपल्याच आवारात वेगळा ठेवायचा आणि स्थानिक संस्था सांगेल तशी त्याची विल्हेवाट लावायची. रस्त्यावर, मोकळ्या जागेत, नालीत किंवा पाण्यात कचरा टाकायचा नाही, तिथे जाळायचा नाही, पुरायचाही नाही. म्हणजे पाला फाटकाच्या आत होता तोवर तुमचं कोणी काही करू शकत नव्हतं. फाटकाबाहेर आला, त्यातही नालीच्या काठाला, आणि त्याला लागून मिश्र कचऱ्याची थैली! एका ढिगात तीन चुका सापडल्या तर पावती फाडणाऱ्याला विचारच करावा लागत नाही.

रकमेचंही सांगतो. राज्याच्या नगरविकास विभागाने २०१७ च्या अखेरीस जागेवरच्या दंडाचे दर ठरवून दिले. रस्त्यावर घाण करण्याला मोठ्या महापालिकांत १८० आणि लहान शहरांत १५० रुपये. तुमचे दीडशे तिथूनच आले. तेव्हा तुमच्याकडून जास्त उकळले असं वाटत असेल तर तसं नाही.

पण पावती नीट पाहा. छापील नंबर आहे का, तारीख, कारण आणि वसूल करणाऱ्याची सही आहे का? कोऱ्या चिठ्ठीवर दीडशे लिहून दिले असतील तर ती पावती नव्हे. सरळ मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करा आणि पैसे कोणत्या खात्यात जमा झाले ते विचारा. दंडाचा ठराव किंवा उपविधी (नगर पंचायतीने केलेला नियम) बघायचा असेल तर माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. महाराष्ट्रात असा अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर असावा लागतो. त्यामुळे त्याच अर्जात नालीची, दिव्याची आणि शेजाऱ्याची तक्रार कोंबू नका, तेवढ्यावरूनच तो परत येतो. उत्तराची मुदत ३० दिवस.

"फांद्या मी कुठं तोडल्या, तारांखालची छाटणी करायला आलेली माणसं टाकून गेली" असं असेल तर ते त्याच दिवशी लेखी द्या, फोटोसह. आठ दिवसांनी सांगितलं तर कोणी मानत नाही. आणि फांद्या तुम्हीच तोडल्या असतील तर मुद्दा वाढवूच नका. शहरी भागासाठीच्या १९७५ च्या झाडांच्या कायद्यात तोडणे म्हणजे नुसतं बुंध्यापासून पाडणे नाही. कापणे, जाळणे, झाडाला कोणतीही इजा करणे, सगळं त्यात येतं. "माझंच झाड, मीच छाटलं" हे वाक्य दीडशेच्या पावतीवर बोलून मोठं प्रकरण ओढवून घेतलेले लोक मी पाहिले आहेत. छाटणीच्या आधी परवानगीचा अर्ज टाकावा, एवढंच.

आता शेजारचे काका. त्यांना कोणी पकडलं नाही याचा अर्थ ते सुटले असा नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशात उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये भरपाई ठरवली आहे. तुमचा ढीग दीडशेचा, त्यांची शेकोटी पाच हजारांची. आमच्या हाताखालची माणसं तिकडे दुर्लक्ष करत, कारण पाच हजारांची पावती फाडायची म्हणजे गावात भांडण आणि वर नगरसेवकाचा फोन. ते चूकच होतं, पण तसंच चाले. तुम्ही मात्र त्यांचं बघून काडी लावू नका.

खरा प्रश्न पुढच्या फेब्रुवारी-मार्चचा. घंटागाडी पाला घेत नाही. घेतला तर तीन घरांतच गाडी भरते. तो आवारातच जिरवायचा, आणि त्यासाठी लांब जायला नको. नाडेप टाकं, म्हणजे पाल्याचं खत करायचं विटांचं टाकं, आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलंच, पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांचं. शेतावरचं पूर्ण टाकं दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असतं, आणि हवा खेळावी म्हणून विटांच्या भिंतीत भोकं सोडलेली असतात. घरच्या एका निंबाला निम्मं पुरतं. विटा नसतील तर चार खुंटांना बांबूचा तट्टा बांधा, काम तेच होतं. तळाला बारीक काटक्या, त्यावर अर्धा फूट पाला, त्यावर शेणकाला शिंपडायचा, त्यावर चाळलेल्या मातीचा थर. पूर्ण टाक्याला एका थरासाठी चार-पाच किलो शेण आणि पन्नास-साठ किलो माती लागते. तुमचं टाकं लहान असेल तर त्या मानाने कमी करा. असेच थर रचत काठाच्या वर फूट-दीड फूट न्या आणि शेणमातीने लिंपून टाका. दोन-तीन आठवड्यांत ढीग खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून लिंपायचं. तीन-चार महिन्यांत खत तयार.

आपल्याकडचा उन्हाळा हीच यातली अडचण. एप्रिलमध्ये लिंपण तडकतं, आतला ओलावा उडतो आणि पाला जून उजाडला तरी कोरडाच सापडतो. म्हणून टाकं निंबाच्याच सावलीत घ्या, भेगा दिसल्या की बुजवा, भोकांतून पाणी शिंपडत राहा. माती टाकायचा कंटाळा करू नका. लोक नेमकी तीच गाळतात, आणि मग नाडेप कुचकामी म्हणतात. जाड फांद्या यात घालू नका. गावात चूल अजून पेटते, घेणारे मिळतील.

थैलीचं थोडक्यात. ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा, डायपर-पॅड कागदात गुंडाळून तेही वेगळे. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे घरी असतील तर ते घातक कचऱ्यात जातात. ते ओल्या बादलीत टाकू नका, जाळू नका, आणि धुऊन घरात पाण्याला तर अजिबात वापरू नका. कापूस वेचणीच्या दिवसांत गाडी यायच्या आधीच सगळे वावरात जातात, म्हणून थैली बाहेर राहते आणि कुत्रे-डुकरं ती फाडतात, हे मला ठाऊक आहे. झाकणाची बादली फाटकाच्या आत ठेवा आणि घरी राहणाऱ्या एखाद्या म्हातारीला सांगून ठेवा.

इथल्या बऱ्याच जणांकडे पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचे, ढीग रस्त्याच्या कडेला असतात, त्यांच्यासाठीही हेच लागू. शिवाय त्यांतल्या उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. २०१७ चा हंगाम कोणी विसरलं नसेल. तो ढीग घराला लागून वर्षभर ठेवण्यापेक्षा वावरातच श्रेडर (चुरा करणारं यंत्र) फिरवून मातीत घाला.

इतकं करूनही फांद्या उरणारच. आम्ही मागणी आली तर झाडाच्या कचऱ्यासाठी ट्रॅक्टर पाठवायचो. तुमच्याकडे ती सोय आहे का, शुल्क किती, हे लेखी विचारा आणि पोच घ्या. अर्ज जानेवारीतच द्या. पानगळ सुरू झाल्यावर सगळं गाव एकदम मागतं, आणि ट्रॅक्टर एकच असतो.